जुन्या घाटाचे नवे स्क्रू पाने : देखणी नक्कल, पण नट फिरवते का?

आटेदार (धागाकर्ता)

शंभर वर्षांहून जुन्या घाटाचे स्क्रू पाने (जबडा कमी-जास्त उघडता येणारे पाने) आता पुन्हा बनवले जातात. कोणी ते पोलादात घडवतं, कोणी ब्रॉन्झमध्ये ओततं. मुठीला शिसवी लाकूड, स्क्रूवर निळी झाक. काचेखाली ठेवलेला दिसला की हात आपोआप पुढे जातो. तो का जातो आणि पैसे मोजायचे तर काय तपासून मोजायचे, हे एका जागी यावं म्हणून हा धागा. किमती आणि विक्रेत्यांची नावं कृपया लिहू नका, नाहीतर धाग्याचा बाजार होईल.

नकला बहुतेक तीन घाटांच्या निघतात, म्हणून आधी ते पाहू.

पहिला कोजचा. लोरिंग कोज, वूस्टर, मॅसॅच्युसेट्स; पेटंट १८४१. वरचा जबडा हातोडीच्या डोक्यासारखा आणि दांड्याशी एकसंध. खालचा जबडा दांड्यावर वरखाली सरकतो. दांड्याच्या अंगाला समांतर एक स्क्रू असतो आणि त्याची दातेरी चकती अंगठ्याने फिरवायची. ‘मंकी रेंच’ म्हणतात तो हाच. मॉन्की आडनावाच्या कुणा कारागिरावरून हे नाव पडलं, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती खरी नाही.

दुसरा इंग्लिश घाट, १८४२च्या सुमाराचा. श्रेय रिचर्ड क्लायबर्नला देतात, एडविन बडिंगलाही देतात. हा बडिंग म्हणजे गवत कापायचं यंत्र काढणारा.

तिसरा आज प्रत्येक गॅरेजात असतो तो. योहान पेटर योहान्सन, स्वीडन, पेटंट १८९२. सरकत्या जबड्याच्या पोटाला दाते, त्यात अडकलेला वर्म (अंगठ्याने फिरवायचा आटेदार रोलर), आणि जबडे मुठीशी तिरके.

गंमत म्हणजे या पान्याला प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव देतो. पोर्तुगीजमध्ये तो ‘शाव्ह इंग्लेझा’, म्हणजे इंग्रजी चावी. डेन्मार्कमध्ये तो स्वीडिश चावी. आपली ‘चावी’ तर मुळात पोर्तुगीजांचीच.

जुना पाना भुरळ घालतो ते माझ्या मते एका कारणासाठी: त्यात काहीच झाकलेलं नाही. स्क्रू कुठून येतो, कशात अडकतो, जोर कुठे बसतो, सगळं डोळ्यांसमोर. नक्कल चांगली की वाईट तेही म्हणूनच लपत नाही.

तिखटजाळ

शीर्षक अर्धवट वाचून विड्याची पाने समजून आलो होतो. आलोच आहे तर बसतो. येऊ द्या.

कानसवाला

चांगला विषय. दुकानात पाना हातात घेतल्यावर पाच मिनिटांत काय काय बघता येतं ते लिहितो. खिशात तीन वस्तू हव्यात: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), झेरॉक्सच्या कागदाची पट्टी (जाडी ०.१ मिमी धरा) आणि १० किंवा १२ मिमीची ग्राउंड डॉवेल पिन, म्हणजे नेमक्या मापाला घासलेली गोल पोलादी पिन.

कोज घाटाचा पाना असेल तर आधी सरकत्या जबड्याची बाही बघा, म्हणजे दांड्याला कवेत घेणारा भाग. सगळी मेख तिथे आहे. बाहीची लांबी ३० मिमी, जबड्याचं टोक दांड्यापासून ३० मिमी पुढे आणि बाही-दांड्यात ०.१ मिमी फट असेल तर टोक ०.१ मिमीच कलतं. चालेल. पण सुबकपणाच्या नादात बाही २० मिमीची केली, जबडा ३५ मिमी पुढे काढला आणि फट ०.३ राहिली, तर टोक अर्धा मिलिमीटर झुकतं. १७च्या नटावर अर्धा मिलिमीटर म्हणजे कोपरे गेलेच. बाही निदान जबड्याच्या लांबीइतकी हवी, दीडपट असेल तर उत्तम. मूळ पान्यांची बाही लांब आणि काहीशी बेढब दिसते ती यासाठीच. नकलेत ती ‘नाजूक’ केलेली दिसली तर बनवणाऱ्याने फोटो पाहून पाना केलाय असं समजा.

मग डॉवेल जबड्यांच्या मुळाशी धरून, डॉवेल आणि जबडा यांच्यात कागदाची पट्टी घालून स्क्रू हलका आवळा. नंतर स्क्रूला हात न लावता डॉवेल पट्टीसकट टोकाशी न्या. दोन्ही वेळा पट्टी सारखीच अडकली पाहिजे. मुळाशी घट्ट आणि टोकाशी सैल असेल तर जबडे फाकलेले आहेत. उलट असेल, म्हणजे टोकं किंचित आत झुकलेली, तर एक वेळ चालतं, कारण जोर आला की ती सरळ होतात.

योहान्सन घाटात वर्म तपासायचा. अंगठ्याने वर्म न फिरवता वरखाली ढकला. ०.१ ते ०.२ मिमीचा खेळ असावाच, नाहीतर पहिल्या धुळीला तो अडकेल. ०.५च्या पुढे गेला तर नटावर लावताना माप सुटतं. नंतर जबडा पूर्ण मिटून पूर्ण उघडा. मधेच एका ठिकाणी जड लागत असेल तर कारण बहुधा आटे. जुन्या लेथवर वर्म ८ टीपीआयचा (इंचाला ८ आटे) काढतात, म्हणजे पिच ३.१७५ मिमी, आणि जबड्याचे दाते मिलिंगवर ३ मिमीने पाडतात. एका दात्याला फरक ०.१७५, तिसऱ्या दात्यापर्यंत अर्धा मिलिमीटर. मग ‘बसवण्यासाठी’ कानशीने दाते खातात आणि पाना आयुष्यभर खुळखुळतो. इंची आणि मेट्रिकची अशी भेसळ नकलांमध्ये फार.

शेवटी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन अर्धांची जोडरेघ. घडाईच्या (ड्रॉप फोर्ज) पान्याच्या कडेने चांगली रुंद, कापून घासलेली पट्टी दिसते, कारण तिथून फ्लॅश (साच्याबाहेर दबून आलेला जादा माल) छाटलेला असतो. ओतकामात तीच रेघ दोऱ्यासारखी बारीक. विक्रेता ‘फोर्ज्ड’ म्हणतोय आणि रेघ दोऱ्याएवढी, तर काय ते समजा.

आटेदार

झकास. फक्त एक भर: कोज घाटात चकतीची नर्लिंग (पकडीसाठी पाडलेली खरबरीत नक्षी) बोटाने चाचपून बघा. जुन्या पान्यांवर ती सरळ दात्यांची किंवा दोरखंडासारखी पिळाची असायची, कडा किंचित मोडलेल्या. आजचा तयार डायमंड नर्ल टोकदार उठतो आणि अंगठ्याला बोचतो. दिसायला ही बारीकशी गोष्ट, पण पान्याशी बोटांची ओळख सगळी त्या चकतीवरच होते.

समई

ओतीव नकलांबद्दल. गोव्यातल्या डिचोलीच्या कांसारांची समई ज्या तऱ्हेने होते त्याच कुळातल्या पद्धतीने ब्रॉन्झचा पानाही होतो, पण समईत जी चूक खपते ती पान्यात खपत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना पानाच थेट साच्याला नमुना म्हणून वापरणं. ब्रॉन्झ थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं, मधे मेण असेल तर मेणाचं आकसणं आणखी वेगळं. म्हणजे २०० मिमीच्या अस्सल पान्यावरून साचा घेतला की नक्कल १९५-१९७ मिमी भरते. लांबी कमी झाली तर काय बिघडलं, असं वाटेल. पण खाचही आकसते, खाचेत बसणारा जबडाही आकसतो, आणि जाड-बारीक भाग सारखे आकसत नाहीत. म्हणून असा पाना जुळवताना सगळीकडे कानस मारावी लागते आणि कडांची धार जाते. अक्षरं बोथट, कोपरे साबणाच्या वडीसारखे, लांबी मूळ मापापेक्षा दोनेक टक्के कमी: ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर ती ‘नकलेवरची नक्कल’.

बरोबर पद्धत अशी. मूळ पाना मोजून नवा नमुना करायचा, आकसणं धरून तो २ ते ३ टक्के मोठा, आणि जिथे यंत्रकाम आहे (जबड्यांची तोंडं, खाच, बाहीचं आतलं अंग) तिथे दीड ते दोन मिमी जास्तीचा माल. खाच कधीही ओतून काढू नये. डोकं भरीव ओतून मग मिलिंगवर पाडावी. पाना उभा ओतायचा, जबड्याचं डोकं खाली. रायझर (धातू आकसताना भर पुरवणारी जादा जागा) मुठीच्या जाड टोकाशी. डोकं वर ठेवलं तर वायूचे बुडबुडे नेमके जबड्याच्या मुळाशी जमतात आणि तोंड घासल्यावर तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

मांडवीकाठ

समईबाय, पद्धत पटली, पण ब्रॉन्झचा पाना नट फिरवायला घ्यायचा की नुसता बघायला? शीर्षकातला प्रश्न तोच आहे, म्हणून आकडे मांडतो.

एम-१० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट, नट १७ मिमी. कोरडा आवळताना साधारण ४८ न्यूटन-मीटर लागतात. षटकोनी नटावर पाना समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर टेकतो, आणि त्या दोन जोरांमधलं अंतर म्हणजे नटाची एक बाजू, ९.८ मिमी. ४८ला ०.००९८ने भागा: ४९०० न्यूटन. जवळजवळ अर्धा टन, प्रत्येक जबड्यावर.

आता जबड्याचं मूळ १२ मिमी जाड आणि १४ मिमी खोल धरा, जोर मुळापासून १५ मिमीवर. वाकवणारं आघूर्ण (बेंडिंग मोमेंट) ७३.५ न्यूटन-मीटर, छेदाचा मोड्युलस ३९२ घन मिमी, ताण १८७ मेगापास्कल. ओतीव सिलिकॉन ब्रॉन्झचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो, १७०च्या आसपास. म्हणजे एका साध्या एम-१० बोल्टवर जबडा कायमचा फाकतो. पितळ तर त्याच्याही आधी. ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) नुसतं नॉर्मलाइज केलेलं असलं तरी यील्ड २८०च्या वर, तिथे हाच ताण आरामात पचतो.

ब्रॉन्झमध्येच हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ मागा. ठिणगी न पडणारे पाने त्याच कुळातले असतात. इंधनाच्या टाकीजवळ, बार्जच्या पंपरूममध्ये तेच वापरतात. रंग सोन्याकडे झुकणारा, दिसायलाही वाईट नाही. पण ओतायला अवघड. वितळताना वर ऑक्साइडची साय धरते आणि ती आत गेली तर तिथूनच चीर जाते.

तिखटजाळ

अर्धा टन वाचून नळ आवळायला घेतलेला पाना खाली ठेवला.

समई

मांडवीकाठबाब, हिशेब मान्य. पण सिलिकॉन ब्रॉन्झच्या पान्याला ‘खोटा’ म्हणणं मला पटत नाही. समईवर कोणी जेवण शिजवत नाही. शोभेचा पाना शोभेचा म्हणून विकावा. मुठीवर तसं कोरलेलं असावं, आणि स्क्रू, बाही, जबडे तरीही नीट सरकावेत. हात लावल्यावर हलत नाही असा पाना मात्र पेपरवेट.

मांडवीकाठ

कोरलेलं असावं, एवढंच म्हणणं आहे. घरात आलेल्या पाहुण्याचा हात आधी पान्याकडे आणि मग जवळच्या नटाकडेच जातो.

कानसवाला

पोलादी नक्कल स्वतः करून घ्यायची असेल त्यांच्यासाठी. योहान्सन घाट, २०० मिमी.

बॉडीसाठी ईएन-८ किंवा ईएन-१९चा (क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) १६ मिमी जाड फ्लॅट. घडाईची सोय नसेल तर बाह्याकार वायरकटने किंवा गॅसने कापून मिलिंगवर आणा. गॅसने कापला तर कडेचे तीन मिमी काढून टाका, तिथलं पोलाद कडक झालेलं असतं आणि कटर खातं. सरकत्या जबड्यासाठी ईएन-१९च. वर्मही त्याचाच.

डोक्यातली खाच चावीच्या भोकासारखी असते: आत गोल, बाहेर अरुंद फट. आधी १० मिमीचं आरपार भोक, रीमर मारून, मग ६ मिमीची फट पाडायची. उलट क्रम केला तर ड्रिल फटीकडे पळतं. जबड्याच्या पोटाला त्याच मापाची गोल कणी येते आणि तिच्यावरच दाते. कणी ९.९५ ते ९.९० ठेवा.

पाणी देताना (तापवून विझवून कडक करताना) सगळे फसतात ते इथे. फट पाडलेलं डोकं पाण्यात बुडवलं की फटीची तोंडं ०.२-०.३ मिमी उघडतात आणि जबडा डुगडुगायला लागतो. उपाय दोन. एक, डोक्याला पाणी द्यायचंच नाही. ईएन-१९ आधीच टफन केलेल्या अवस्थेत घ्या आणि फक्त जबड्याच्या तोंडांना इंडक्शनने किंवा ज्योतीने कडक करा. दोन, फटीत त्याच जाडीची पोलादी पट्टी ठोकून बसवून मग ८५० अंशांवरून तेलात. दुसरा उपाय मला तितका आवडत नाही, पट्टी काढताना कडा जातात.

सरकता जबडा ८५०वरून तेलात आणि मग ४२५-४५० अंशांवर टेंपर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं. ४० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपास येतो, पुरे. त्याहून कडक ठेवला तर झीज कमी होईल, पण एक दिवस दाता उडेल. वर्म जबड्यापेक्षा थोडा मऊ ठेवा, म्हणजे झिजायचं झालं तर बदलायला सोपा भाग झिजेल.

वर्मच्या पिनेवर एक बारीक कॉइल स्प्रिंग असते. दिसत नाही म्हणून नकलांमध्ये तीच वगळतात. तिच्यामुळे वर्म एका बाजूला दाबून राहतो आणि पाना उलटा धरला तरी माप आपोआप सरकत नाही. स्प्रिंग नसलेला पाना हलवला की खुळखुळ्यासारखा वाजतो. दुकानात ऐकून बघा.

गोव्यात कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत वायरकट मिळेल. एकट्यादुकट्या नगाचं ओतकाम इथे कोणी मनावर घेत नाही, त्यासाठी बेळगावच्या फाउंड्र्या गाठाव्या लागतात.

दुचाकीपुराण

वाखू (वाचनखूण) साठवली. एक प्रश्न: जुन्या घाटाचे जबडे सरळ आणि नव्याचे तिरके, त्यात खरा फायदा काय?

आटेदार

अडचणीच्या जागी फायदा. जबडे सरळ असले तर षटकोनी नटाची पुढची बाजू पकडायला पान्याला ६० अंश फिरायला जागा लागते. जबडे १५ अंश तिरके केले आणि प्रत्येक फेऱ्यानंतर पाना पालथा घातला की निम्म्यात भागतं, ३० अंशांत. क्रेसेंट कंपनीने (जेम्सटाउन, न्यूयॉर्क, स्थापना १९०७) २२.५ अंश ठेवले. त्यात चौकोनी नटाचं अर्धं, म्हणजे ४५ अंश, नेमकं साधतं. त्या काळी चौकोनी नट बरेच होते.

कोज घाटाचा पाना म्हणूनच मोकळ्या जागेतल्या मोठ्या नटांना छान, इंजिनाच्या कोपऱ्यात निरुपयोगी. आणि तो ओढताना जबड्यांची तोंडं ओढण्याच्या दिशेला हवीत. योहान्सन घाटात सरकता जबडा फिरण्याच्या दिशेला हवा, म्हणजे जोर स्थिर जबडा झेलतो. उलटं धरलं की चांगला पानाही नट खातो, आणि बोल मग नकलेला लागतो.

दुचाकीपुराण

धन्यवाद. मग माझ्याकडून भर. जुन्या बुलेटवर आणि इंग्लिश यंत्रांवर व्हिटवर्थ (जुनं ब्रिटिश इंची माप) कुळातले नट भेटतात, आणि त्यांच्या पान्यावर लिहिलेलं माप नटाचं नसतं, बोल्टच्या व्यासाचं असतं. पाव इंची व्हिटवर्थचा नट प्रत्यक्षात १३.३ मिमी, ५/१६चा १५.२, ३/८चा १८, ७/१६चा २०.८, अर्धा इंचीचा २३.४. यातले बरेच नेहमीच्या मेट्रिक पान्यात धड बसत नाहीत. पाव इंचीला १३ चढत नाही, १४ फिरतो. व्हिटवर्थचा सेट नसेल तिथे नीट बसणारा स्क्रू पाना कामाला येतो, पण मापं मोजून बघा: पाना निदान २४ मिमी उघडला पाहिजे. २०० मिमीच्या काही नकला २०-२१लाच थांबतात, कारण डोकं बारीक, सुबक केलेलं असतं.

नंतरच्या बुलेट मेट्रिक झाल्या, त्यांना ही झंझट नाही.

शिसवी

मुठीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

कोज घाटात दोन तऱ्हा. जुनी तऱ्हा: लोखंडी सळीवर आरपार बसवलेली गोल लाकडी मूठ, वर फेरूल (धातूची कडी), खाली नट. नंतरची: लोखंडी चौकटीत दोन्ही अंगांना सुरीसारख्या लाकडी पट्ट्या रिव्हेट केलेल्या. दुसरी मजबूत, आणि इथल्या हवेत तीच करावी.

गोव्यात लाकूड वर्षभर श्वास घेतं. एप्रिल-मेच्या कोरड्या लाकडाची पट्टी घट्ट बसवली तर श्रावणापर्यंत फुगून रिव्हेटपाशी उभी चिरते. पावसाळ्यात बसवली तर माघात सैल होऊन टकटक वाजते. लाकूड कापून खोलीत निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा ठेवा, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बसवा. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असला की दोन्हीकडचा त्रास निम्म्यावर येतो. पट्टीतलं रिव्हेटचं भोक रिव्हेटपेक्षा ०.३ मिमी मोठं ठेवा.

लाकूड शिसवी किंवा सागवान. फणस रंगाने सुरेख, पण मऊ. पान्याच्या मुठीला दोन वर्षांत दबतो. फिनिशला उकळलेलं जवसाचं तेल, पातळ हात, तीन-चार वेळा, दर वेळी पूर्ण सुकवून. जाड वॉर्निश नको, पावसाळ्यात त्याखाली ओल अडकून पांढरं धरतं. आणि तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेटतो, हे खरं आहे.

पितळी रिव्हेट दिसतात सुंदर, पण खारी हवा आणि पोलादाची संगत म्हणजे रिव्हेटभोवतीचं पोलाद आधी गंजणार. रिव्हेट बसवण्यापूर्वी भोकात शेलॅकचा एक हात द्या.

आटेदार

आता फिनिश. इथल्या हवेत नक्कल टिकणार की नाही ते यावर ठरतं, आणि फसवणूकही इथेच जास्त.

क्रोम चकाकतो म्हणून लोक घेतात. पण शोभेचं क्रोम प्लेटिंग बाजारात आलं १९२०च्या दशकात. १८९०च्या घाटावर क्रोम म्हणजे शिवाजी महाराजांच्या मनगटावर घड्याळ. त्या काळचं फिनिश निकेल, किंवा नुसतं पॉलिश केलेलं पोलाद, किंवा काळं-निळं. निकेलची झाक किंचित पिवळसर, ऊबदार असते, आणि जुन्या घाटाला तीच शोभते.

निकेल पातळ, म्हणजे १० मायक्रॉनच्या आत, असेल तर त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. समुद्राजवळ पहिल्याच पावसाळ्यात त्यातून तांबूस ठिपके फुटतात. खाली तांब्याचा थर आणि वर २०-२५ मायक्रॉन निकेल मागावं. आटे आणि वर्मवर मात्र प्लेटिंग नको, किंवा आधी तेवढं माप सोडून करा. नाहीतर नीट सरकणारा पाना प्लेटिंगहून आल्यावर अडकतो.

ब्लॅकोडाइज (रसायनाने आणलेला काळा थर) हे गंजावरचं कवच नाही, तेल धरून ठेवणारी चाळणी आहे. तेल पुसलं गेलं की आठवड्यात गंज.

स्क्रूची निळाई ज्योतीने आणायची असेल तर भाग आरशासारखा पॉलिश करून, अ‍ॅसिटोनने पुसून, पितळेच्या चुऱ्यात ठेवून खालून तापवा. २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, २९०-३००ला निळा. निळा दिसला की लगेच बाजूला. दहा सेकंद उशीर आणि राखाडी. बोटाचा ठसा राहिला तर तो निळ्यात कायमचा छापला जातो.

तिखटजाळ

घड्याळाची उपमा ढापण्यात येत आहे.

बाकी खोबरेल लावून ठेवलं तर चालतं ना? घरोघरी तेच.

समई

नका लावू. खोबरेल सुकत नाही, पण हळूहळू खवट होतं आणि त्यातली आम्लं तांब्या-पितळेला हिरवी साय आणतात. समईच्या वातीखाली जो हिरवा चिकटा धरतो तोच. पोलादावर ते धुळीबरोबर चिकट होऊन वर्म अडकवतं. आणि चिंच-सोलांनी पितळ घासायची सवयही इथे आवरा. समईला ठीक, पण पान्यात पोलादी स्क्रू असतो. आंबट पाणी आट्यांत शिरलं की बाहेरून झळझळीत आणि आतून गंजलेला.

मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर उत्तम. नाहीतर एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. गरम पाण्यात भांडं ठेवून मेण विरघळवा, ज्योतीवर नाही. थंड झाल्यावर मलमासारखं होतं. पाना हाताला ऊन लागेल इतपत तापवून फडक्याने पातळ लावा, अर्ध्या तासाने पुसा. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी, एरवी तीन महिन्यांतून एकदा.

मांडवीकाठ

ठेवण्याबद्दल दोन ओळी. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्लं असतात. ओक लाकडाची पेटीही नको, त्यातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि बंद पेटीत लोखंड गंजतं. व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत ५० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास.

नोंदवही

धागा उशिरा पाहिला. तांत्रिक बाजू भरपूर झाली, म्हणून नावाबद्दल आणि वयाबद्दल.

योहान्सनचं १८९२चं पेटंट केव्हाच संपलं, तो घाट कोणीही बनवू शकतो. पण ज्या नावाखाली तो पाना विकला गेला ते ‘बाको’ नाव आजही जिवंत ट्रेडमार्क आहे. घाट उचलणं वेगळं, नाव ओतणं वेगळं. अस्सल नावाची उठावदार अक्षरं नकलेवर दिसली तर तिला देखणी म्हणू नका, बनावट म्हणा.

चांगला कारागीर आपली खूण आणि साल टाकतो, आणि अशा जागी की ती घासून काढली तर पाना बिघडेल: सरकत्या जबड्याच्या कणीच्या टोकाला किंवा फटीच्या आतल्या अंगाला. मुठीवरची खूण पाच मिनिटांत कानशीने जाते. मग वर मिठाचं पाणी मारून गंज आणतात आणि ‘पोर्तुगीज काळातला’ म्हणून बुधवारी हणजुणेच्या नाहीतर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मांडतात. खरा जुना गंज हात लागतो तिथे कमी आणि खाचेत जास्त असतो. आणलेला गंज सगळीकडे सारखा, केशरी आणि नखाने निघणारा. जबड्यांची तोंडं बघा. शंभर वर्षं वापरलेल्या पान्याची झीज तोंडांच्या मधोमध, नटाच्या जागी असते. आतून कडा कोऱ्या आणि बाहेरून सव्वाशे वर्षांचा, असं होत नाही.

आणखी एक. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, गतकाळातल्या विज्ञानाची किंवा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते, आणि ती केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था सोडून कोणालाही देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून परदेशी पाहुण्याला भेट द्यायची असेल तर साल कोरलेली नवी नक्कल बरी. जुन्यासारखी दिसणारी पण खूण नसलेली वस्तू असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा लागू शकतो, आणि बनावट गंजाची हौस तिथे महागात पडते.

कानसवाला

कणीच्या टोकाची खूण ही कल्पना आवडली. फक्त ती पाणी देण्याआधी ठोकायची, आणि दात्यापासून निदान पाच मिमी दूर. पंचाचा खोल घाव कडक पोलादात चिरेची सुरुवात करतो. एच्चिंग (रसायनाने कोरणं) केलं तर तोही धोका नाही: पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीला) वापरतात ते फेरिक क्लोराइड, मेणाच्या थरातून कोरून, दहा-पंधरा मिनिटं, मग सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच तेल.

दुचाकीपुराण

एच्चिंग केलेली अक्षरं प्लेटिंगमध्ये भरून जातात का?

कानसवाला

२५ मायक्रॉनच्या निकेलात खोलीने ०.०५ मिमीची अक्षरं पुसट होतात. ०.१ ते ०.१५ पर्यंत खोल जाऊ द्या, मग राहतात. नाहीतर कणी झाकून प्लेटिंग करा, तिथे तसंही निकेल नकोच आहे.